कपाटाची किल्ली मुलांकडे: प्राथमिक शाळेचं ग्रंथालय रोज कसं चालवावं आणि त्यातूनच संगणक कसा शिकवावा

बहुतेक जिल्हा परिषद शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागचं एक लोखंडी कपाट. त्याला कुलूप, आणि किल्ली ड्रॉवरमध्ये. कुलूप कशासाठी विचारलं की उत्तर ठरलेलं: पुस्तकं जडसंग्रहाला (शाळेच्या मालमत्तेच्या नोंदीला) लागलेली आहेत, हरवली तर भरून कोण देणार? ही भीती खोटी नाही. चार्ज देताना-घेताना एकेका पुस्तकावरून झालेली कटकट मी पाहिली आहे. तरी ही भीती बाजूला ठेवल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

आमची शाळा पहिली ते पाचवी, चार शिक्षकांची. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नसतं, त्यामुळे ग्रंथालयाचा प्रभार कुणातरी वर्गशिक्षकाकडेच येतो. आमच्याकडे तो माझ्याकडे आला, आणि ‘तुम्हाला मोबाइलमधलं कळतं’ म्हणून संगणकही माझ्याच गळ्यात पडला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींसह सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. कोण चालवणार, ते लिहिलेलं नाही. ते आपलं आपण ठरवायचं.

दोन्ही कामं एकत्र आली हे माझ्या पथ्यावर पडलं. संगणक ‘शिकवायला’ बसलं की मुलं पेंटमध्ये घर, डोंगर, सूर्य काढतात आणि तास संपतो. ग्रंथालयातली खरी कामं संगणकावर करायला दिली की तीच मुलं टायपिंग, शोध, क्रमवारी, आलेख हे सगळं गरजेपोटी शिकतात. खाली दिलेला क्रम आमच्याकडे तीन वर्षं घासून तयार झालेला आहे. तुमच्याकडे शिक्षक दोनच असतील किंवा टॅब जास्त असतील, तर त्यात फेरफार करा.

पहिला आठवडा: सगळं बाहेर काढा

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कपाट पूर्ण रिकामं करा. सतरंज्यांवर पुस्तकं पसरा. मदतीला पाचवीची मुलं घ्या. प्रशिक्षणाची घटकसंच पुस्तिका, जुने अहवाल, योजनांची माहितीपत्रकं, एकाच पुस्तिकेच्या नऊ-नऊ प्रती, मुखपृष्ठ नसलेले दिवाळी अंक असं बरंच काही निघेल. आमच्या कपाटात वरचे दोन कप्पे नुसत्या प्रशिक्षण साहित्याचे होते. मुलांच्या हाताला लागतील असे कप्पे मोठ्यांच्या कागदांनी अडवलेले, आणि गोष्टीची पुस्तकं तळाशी, ओल येते तिथे.

तीन ढीग करा: मुलांना वाचण्याजोगं, दुरुस्तीला, आणि बाद. बाद ढिगाबद्दल एक इशारा. कितीही निरुपयोगी वाटलं तरी नोंदवहीत चढलेलं पुस्तक परस्पर रद्दीत घालू नका. त्याचं रीतसर निर्लेखन करावं लागतं, म्हणजे मंजुरी घेऊन ते नोंदीतून कमी करावं लागतं. यादी करा, कारण लिहा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि पुढची मंजुरी कुणाची लागते ते केंद्रप्रमुखांना विचारून घ्या. तोवर तो ढीग पोत्यात बांधून, वर यादी चिकटवून बाजूला ठेवायचा. महत्त्वाचं इतकंच की तो मुलांच्या कप्प्यात परत जाता कामा नये.

कपाट रिकामं आहे तोवर मागची भिंत बघून घ्या. भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात ओल धरतं. चार बोटं पुढे ओढा, खाली विटा द्या. वाळवीची माती दिसली तर आधी तिचा बंदोबस्त, मग पुस्तकं. कसरीसाठी आमच्या पोषण आहाराच्या मावशींनी वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून कोपऱ्यांत ठेवायला सांगितले. डांबरगोळ्या मी टाळते. पहिलीतली मुलं कुठलीही पांढरी गोळी आधी तोंडात घालून बघतात.

नंबर, शिक्का आणि नोंदवही

दाखल नोंदवही असेल तर तीच पुढे चालवा. नसेल तर लांब रजिस्टर घेऊन रकाने आखा: दाखल क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, कुठून आलं (अनुदान, देणगी, लोकवर्गणी), शेरा. एका पुस्तकाला एक क्रमांक. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच क्रमांक. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीच देऊ नका. नाहीतर दोन वर्षांनी नोंदवही आणि कपाट यांचा मेळ बसत नाही आणि दोष कुणाचा तेही कळत नाही.

शाळेचा शिक्का तीन जागी: शीर्षकाच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर. आमचं ठरलेलं पान सातवं. मुखपृष्ठ गेलं, पहिलं पान गेलं, तरी सातव्या पानावरून पुस्तक आपलं आहे हे ओळखता येतं. शिक्का चित्रावर मारू नका. मी सुरुवातीला एका हत्तीच्या डोळ्यावर मारला होता. ‘याला चष्मा कुणी लावला?’ हे मुलं अजून विचारतात.

वर्गीकरणासाठी मोठ्या ग्रंथालयांतल्या, विषयांना आकडे देणाऱ्या दशांश पद्धतीच्या मागे लागू नका. ६०० पुस्तकांना आणि सात वर्षांच्या वाचकांना तिचा उपयोग नाही. आम्ही रंग वापरतो. पिवळा: पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र. हिरवा: चार-पाच ओळी, जोडाक्षरं कमी. निळा: परिच्छेद, चित्रं अधूनमधून. लाल: सलग मजकूर. पुस्तक कोणत्या रंगाचं हे टेबलावर बसून ठरवू नका, मुलाला वाचायला द्या. मधलं एक पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक त्याला अजून जड आहे. मात्र जड पुस्तक हट्टाने मागणाऱ्याला अडवायचं नाही. दुसरीतला एक मुलगा महिनाभर लाल पट्टीचं क्रिकेटचं पुस्तक घेऊन फिरत होता. वाचता येत नव्हतं, पण फोटोंखालची नावं त्याने एकेक करून सोडवली.

रंगाची पट्टी कुठे लावायची यात आम्ही एकदा फसलो. मुलांची पुस्तकं बहुतेक १६ किंवा २४ पानांची, मधोमध पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो, आणि उभी रचली की पट्टी दिसत नाही. पट्टी मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लावा आणि पुस्तकं उभी रचण्याऐवजी टांगा. वर्गाच्या भिंतीवर खिळे ठोकून सुतळी बांधायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लावायची. सुतळीची उंची पहिलीच्या मुलाच्या खांद्याएवढी. पुस्तक मुखपृष्ठानिशी समोर दिसलं की मूल ते उचलतंच. दर सोमवारी चिमट्यांवरची पुस्तकं बदला, म्हणजे कपाटातलं सगळं आळीपाळीने बाहेर येतं.

रोजचा दिवस

परिपाठाच्या आधीची पंधरा मिनिटं ही देवघेवीची वेळ. मी तेव्हा टेबलावर नसते, फळ्यावर दिनांक-सुविचार चाललेला असतो. टेबलावर दोन ग्रंथमित्र असतात, एक पाचवीचा आणि एक तिसरीचा. जोडी आठवड्याने बदलते. किल्ली त्यांच्याकडे. मोठा नोंद करतो, धाकटा परत आलेलं पुस्तक उघडून बघतो: पानं सुटली आहेत का, ओलं आहे का, शेवटचं पान आहे का. वर्षाच्या शेवटी मोठे जातात आणि धाकटे तयार झालेले असतात, म्हणून जोडी वेगवेगळ्या वर्गांची.

देवघेव नोंदवहीत प्रत्येक मुलाला एक पान द्या. तारखेनुसार एकामागे एक नोंदी लिहिल्या तर ‘या मुलीने सहा महिन्यांत काय वाचलं’ हे कधीच कळत नाही. मुलाच्या पानावर चारच रकाने: पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि कसं वाटलं. चौथ्या रकान्यात पहिली-दुसरीची मुलं चेहरा काढतात, मोठी एक शब्द लिहितात. ‘छान’ लिहायला आमच्याकडे बंदी आहे. बंदी घातल्यावर ‘भीतीचं’, ‘लवकर संपलं’, ‘आजीला आवडलं’, ‘कोंबडी मरायला नको होती’ असं लिहून यायला लागलं.

पहिलीच्या मुलांना ‘वाचता येत नाही, म्हणून नको’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांना चित्रांची पुस्तकं घरी द्या. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी काही कुटुंबं आहेत, ती मुलं मध्येच आजी-आजोबांकडे राहतात. आजीला अक्षरओळख नसली तरी चित्र बघून गोष्ट सांगता येते, आणि ती पुस्तकातल्यापेक्षा वेगळी असते. मूल शाळेत येऊन दोन्ही गोष्टी सांगतं.

आठवड्यात प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाची एक तासिका मिळवा. पस्तीस मिनिटांची माझी वाटणी अशी: पहिली दहा मिनिटं मी मोठ्याने वाचते, मग पंधरा मिनिटं ज्याचं त्याने आपापलं वाचायचं, कुठेही बसून, पालथं पडूनसुद्धा, उरलेली दहा मिनिटं पुस्तक बदलायला आणि बोलायला. मोठ्याने वाचताना गोष्ट मुद्दाम अर्धवट सोडते. तासिकेनंतर त्या पुस्तकावर झुंबड उडते आणि ग्रंथमित्रांना चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवायचं का? ठेवा, पण खिचडी खाऊन हात धुतल्यावर. दाराशी बादली आणि मग ठेवला आहे. पिवळ्या बोटांचे ठसे असलेली आमची काही पुस्तकं त्या बादलीच्या आधीच्या काळातली आहेत.

फाटलं-हरवलं तर? पहिल्या वर्षी आमची एकवीस पुस्तकं गेली. मी दंड घेतला नाही. दंड लावला की सगळ्यात गरीब घरातलं मूल पुस्तक नेणं बंद करतं, बाकी काही फरक पडत नाही. हरवलं तर आई-वडिलांपैकी एकाने शाळेत येऊन नोंदवहीत तसं लिहायचं आणि सही किंवा अंगठा करायचा, एवढाच नियम. त्या सहीमुळे चार्ज देताना माझ्याकडे कागद राहतो. आणि बऱ्याचदा सही करायला निघाल्यावर पुस्तक गोधडीत सापडतं.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच: पुस्तकं वापरासाठी आहेत. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत, त्याची आठवण ते तिथे करून देतात. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी ‘इतकी पुस्तकं फाटकी कशी?’ असं विचारलं तेव्हा मी त्यांच्यापुढे देवघेवीची पानं ठेवली. त्यांनी दोन-चार चाळली आणि विषय बदलला.

दुरुस्तीचा शुक्रवार

महिन्यातून एका शुक्रवारी शेवटच्या दोन तासिका, कार्यानुभवाच्या. चिकटपट्टी कपाटातून हद्दपार करा. वर्षभरात ती पिवळी पडते, चिकट सुटते आणि पुस्तकाची दोन पानं एकमेकांना धरून बसतात. त्याऐवजी खळ. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचं, गाळायचं. दोन दिवस टिकते. बाइंडर लोक किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं, शाळेत नको.

फाटलेल्या रेघेवर पतंगाच्या कागदाइतक्या पातळ पांढऱ्या कागदाची बोटभर पट्टी खळीने लावायची, वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून पुस्तक विटेखाली दाबायचं. सुटलेल्या पानांच्या पुस्तकातल्या गंजक्या पिना आधी शिक्षकाने काढायच्या. मग मधल्या घडीवर दाभणाने तीन भोकं: मधलं एक, दोन्ही बाजूंना एकेक. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथून आतल्याआत थेट खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि आडव्या गेलेल्या दोऱ्याला धरून गाठ. दाभण मी स्वतः चालवते, दोरा मुलं ओवतात. ज्याने पुस्तक शिवलं त्याचं नाव आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचं. अशी पुस्तकं पुन्हा सहसा फाटत नाहीत.

आता संगणक

आमच्याकडे एक डेस्कटॉप, लोकवर्गणीतून आलेला एक टॅब आणि माझा फोन. मुलं अठ्ठ्याण्णव. ‘साधनंच नाहीत’ असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण शिकवण्याजोगा बराच भाग वीज नसतानाही शिकवता येतो.

सुरुवात चिठ्ठ्यांपासून करा. वीस पुस्तकांची नावं वीस कार्डांवर लिहा आणि तिसरी-चौथीच्या गटाला सांगा, वर्णमालेच्या क्रमाने लावा. पहिलं अक्षर सारखं आलं तर काय? मग दुसरं अक्षर बघायचं, हा नियम त्यांचा त्यांनाच सापडतो. ‘क्ष’ने सुरू होणारं नाव कुठे ठेवायचं यावर भांडण होतं. भिंतीवरच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी आहेत. हे भांडण मिटवू नका, पुढे लागणार आहे.

संगणकावर पहिला धडा चालू-बंद करण्याचा. मुख्य बटण खटकन दाबायचं नाही, शटडाऊन करायचं, पडदा काळा होईपर्यंत थांबायचं. माउसवर हात बसायला जीकॉम्प्री हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी माउस आणि कीबोर्डचे खेळ आहेत. नाव फ्रेंच आहे, उच्चार ‘मला समजलं’ या अर्थाच्या फ्रेंच वाक्यासारखा. मुलांना हे सांगितल्यापासून माउस जमला की ती ‘जीकॉम्प्री!’ असं ओरडतात. पंधरा दिवस पुरे, जास्त रेंगाळू नका.

एका संगणकावर अख्खा वर्ग कसा? आमच्याकडे एसटी चालते. दोघांची जोडी: एक चालक, एक वाहक. माउस-कीबोर्डला फक्त चालकाने हात लावायचा. कुठे जायचं ते वाहक तोंडाने सांगणार, हात मागे बांधून. पाच मिनिटांनी वाहक घंटी वाजवतो आणि जागा बदलतात. पुढची जोडी थांब्यावर, म्हणजे मागच्या बाकावर. बाकीचा वर्ग तोवर वाचतो किंवा कार्ड लावतो. खरी गंमत वाहकाच्या भाषेत आहे. ‘ते तिकडचं दाब ना’ या वाक्याने गाडी हलत नाही हे कळलं की ‘वरच्या ओळीत डावीकडून दुसरं चिन्ह’ असं नेमकं बोलणं आपोआप येतं.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची रचना, शिकवा. उच्चारावरून इंग्रजी अक्षरं टाकून मराठी उमटवणारी सोय मोठ्यांना सोपी वाटते, पण तिसरीच्या मुलाला त्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागतं, म्हणजे दुप्पट काम. इनस्क्रिप्टची रचना मराठी मुलाच्या डोक्यात आधीच आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मराठी इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतोच, फक्त भाषांच्या सेटिंगमधून सुरू करायचा. कळांवर कागदाच्या टिकल्या चिकटवून अक्षरं लिहा. पहिल्या दिवशी फक्त काना आणि चार व्यंजनं: ‘बाबा’, ‘काका’, ‘मामा’, ‘नाना’.

दोन जागी मुलं हमखास अडतात. पहिली ऱ्हस्व वेलांटी. वहीत ‘पि’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, मग प. कीबोर्डवर उलटं, आधी प, मग वेलांटी. चौथीतली एक मुलगी चिडून म्हणाली, ‘बाई, हा वेलांटी मागून का मागतो?’ मी तिला ‘पि’ सावकाश म्हणायला लावलं. ‘प्…इ’ म्हणून ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, ‘हा ऐकून लिहितो, आपण बघून लिहितो.’ हेच मला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली असती.

दुसरी जागा जोडाक्षराची. पाय मोडायची कळ म्हणजे इंग्रजी ‘डी’. ‘पुस्तक’ लिहायचं तर प, उकार, स, पाय मोड, त, क. आणि ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र हवा असेल तर शिफ्ट धरून ‘जे’, मग पाय मोड, मग य. नुसत्या र चा पाय मोडला की ‘आचार्य’सारखा रफार होतो. ‘दुसर्‍याचं’ आणि ‘आचार्यांचं’ यांतला फरक मुलांना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळला.

नोंदवही संगणकावर

हात बसला की दाखल नोंदवही तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला घ्या. लिब्रेऑफिस कॅल्क मोफत आहे आणि पुरेसं आहे. कोहासारखी ग्रंथालयाची मोठी सॉफ्टवेअर सार्वजनिक आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांना शोभतात. ६४२ पुस्तकांसाठी ती बसवत बसणं म्हणजे उंदीर मारायला तोफ. सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली आधीच्या गुरुजींची यादी आमच्या संगणकावर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, अख्खी यादी पुन्हा करावी लागली.

मुलांना कामाचा वाटा रोज थोडाच द्या: तिघांच्या एका गटाने पाच पुस्तकं. एक वाचून दाखवतो, दुसरा टाइप करतो, तिसरा पुस्तकाशी ताडून बघतो. आम्हाला चार महिने लागले. मी एकटीने दिवाळीच्या सुट्टीत संपवलं असतं, पण मग तो माझा तक्ता झाला असता.

यादी झाली की शोध. कंट्रोल आणि एफ. इथे मराठी आपलं पाणी दाखवते. एका मुलाला विहिरीची गोष्ट हवी होती. त्याने ‘विहीर’ टाइप केलं. संगणक म्हणाला, नाही. ‘बाई, हरवलं!’ पुस्तक त्याच्या डोक्यावर चिमट्याला लटकत होतं. नावात ‘विहिरीतला’ असा शब्द होता, आणि तिथे हि ऱ्हस्व. विहीर, पण विहिरीत. फूल, पण फुलांचा. पाऊस, पण पावसात. आपल्याला हा एकच शब्द वाटतो, संगणकाला मात्र ही निराळी अक्षरं. मुलांनी दोन उपाय काढले. एक, कमी अक्षरं टाकायची: ‘विह’ टाकलं की दोन्ही सापडतात. दुसरा उपाय पाचवीच्या मुलांचा, आणि तो मला फार आवडला: तक्त्यात आणखी एक रकाना करायचा आणि त्यात पुस्तक कशाबद्दल आहे ते मूळ रूपात लिहायचं. ‘विहीर, चंद्र, मैत्री’. ग्रंथपाल ज्याला विषयशीर्षक म्हणतात ते या मुलांनी गरजेतून शोधलं. मग ‘मैत्री’ लिहायचं की ‘मित्र’ यावर पुन्हा वाद. शेवटी मान्य शब्दांची एक यादी भिंतीवर लागली.

मग क्रमवारी. नावांचा रकाना निवडून चढत्या क्रमाने लावा. आता ते क्षचं जुनं भांडण आठवा. आमच्या संगणकाने क्षचं पुस्तक शेवटी नेलं नाही, क च्या घरात बसवलं. का? कारण टाइप करताना आपणच क, पाय मोड, ष दिलं होतं. क्ष हे एक अक्षर की दोन, हा प्रश्न चौथीच्या वर्गात असा आला आणि मराठीची ती तासिका त्यातच गेली. तुमच्या संगणकावर भाषेच्या सेटिंगप्रमाणे निकाल वेगळाही येईल, म्हणून आधी स्वतः करून बघा.

महिन्याअखेरीस पाचवीची मुलं देवघेवीची मोजणी करतात. आधी फळ्यावर ताळ्याच्या खुणा, मग तक्त्यात आकडे, मग स्तंभालेख. एकदा आलेखात लाल पट्टीचा स्तंभ अगदी बुटका निघाला. चर्चा केली तर कारण साधं होतं: लाल पुस्तकं सगळ्यात वरच्या कप्प्यात होती. खाली आणली, पुढच्या महिन्यात स्तंभ वाढला.

पडद्यावरची पुस्तकं

नवी पुस्तकं घ्यायला पैसे नेहमीच कमी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदान येतं, ते आलं की खरेदी करताना मुलांच्या विषयांच्या रकान्यात काय कमी आहे ते बघा. गावात (सरकारी प्रतवारीतलं) ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय असेल तर बालविभागातली पुस्तकं आळीपाळीने मिळतात का, विचारून या. आम्हाला महिन्याला तीस मिळतात.

पडद्यावर मुलांसाठी दोन ठिकाणं खात्रीची. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे मोफत गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. मराठीत भरपूर चित्रगोष्टी, चार वाचनपातळ्या, आणि परवाना खुला असल्याने मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवून छापायला, बदलायला, भाषांतर करायलाही हरकत नाही. दुसरं, बालभारतीचं ‘किशोर’. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. गोष्टी घरच्या वायफायवर उतरवून टॅबमध्ये भरून आणा. शाळेत रेंज शोधत वेळ घालवू नका.

स्टोरीवीव्हरच्या गोष्टीचं बोलीत भाषांतर हा आमचा चालू उपक्रम आहे. मुलं गटाने घरच्या भाषेत गोष्ट सांगतात, मी फोनवर ध्वनिमुद्रण करते, मग ऐकून टाइप करतात. आपलाच आवाज ऐकल्यावर किती अडखळलो हे सांगावं लागत नाही. तीच गोष्ट पुन्हा रेकॉर्ड करायला मुलं स्वतः मागतात.

परवाना या शब्दापाशी थोडं थांबा. आपण शिक्षकच व्हॉट्सॲपवर विकत मिळणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ बिनदिक्कत फिरवतो. मुलांना ‘कुणाचं आहे, कुणी द्यायची परवानगी दिली’ हे विचारायला शिकवायचं असेल तर आधी आपला हात थांबवावा लागेल. तसंच मुलांचं पूर्ण नाव, चेहरा, गाव असलेले फोटो गटांवर टाकण्याचं. आम्ही फोटो काढतो तो पुस्तकाचा आणि ते धरलेल्या हातांचा.

वीज गेली तर, आणि मे महिना

कागदी नोंदवही हीच अधिकृत. संगणकावरचा तक्ता शोधासाठी. शनिवारी तक्त्याची प्रत पेनड्राइव्हवर, फाइलच्या नावात तारीख टाकून. महिन्यातून एकदा छापील यादी दोऱ्याने कपाटाच्या दाराला बांधायची, म्हणजे भारनियमनाच्या दिवशीही शोध थांबत नाही. हे शहाणपण आम्हाला एका जुलैत आलं. विजेचा लोळ आला, हार्ड डिस्क गेली, आणि तीन महिन्यांच्या नोंदी मुलांना पुन्हा कराव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला त्या दहा दिवसांत झाल्या. जोरात पाऊस सुरू झाला की आता प्लग काढायला ग्रंथमित्रच धावतात.

एप्रिलअखेर पुस्तकं गोळा करून कपाटात कोंडण्याची पद्धत आहे. ती मोडा. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे वाचायला सगळ्यात मोकळा वेळ, आणि नेमकी तेव्हाच पुस्तकं कुलपात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सगळी परत घ्या, मोजणी करा, आणि निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकाबरोबर प्रत्येकाला तीन पुस्तकं द्या. वाडीवार गट पाडा, म्हणजे एका वाडीतली मुलं आपापसात बदलून घेतात आणि तिनाची पंधरा होतात. प्रत्येक वाडीला एक ग्रंथमित्र आणि एक शंभरपानी वही. पाचवीची मुलं दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाणार असतात, त्यांना मात्र आधी हिशेब पुरा करायला सांगा.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात वाडीच्या वह्या तक्त्याशी ताडायच्या. गेल्या वर्षी २९१ पुस्तकं सुट्टीत बाहेर होती, २८४ परत आली. एक आलं ते आमचं नव्हतंच. शेजारच्या गावच्या शाळेचा शिक्का होता त्यावर, कुणाच्या तरी मामेभावाने वाचून इकडे सोडलेलं. ग्रंथमित्रांनी ते वाचलं, चिठ्ठी लिहिली आणि केंद्रप्रमुखांच्या पिशवीतून परत पाठवून दिलं.